मंगळेच्या पोटातलं तेल

कुंभकोणमात माझं नाव रामराव आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. बाजारात मी एण्णै रायर. एण्णै म्हणजे तमिळमध्ये तेल, आणि रायर म्हणजे राव लावणारे आम्ही, मराठे राजांच्या मागोमाग तंजावर मुलखात गेलेली आणि मग परत फिरायचं विसरलेली माणसं. डोक्याला चोळायचं तेल मी कधी विकलं नाही, दिव्यात घालायचंही नाही. मी विकलं ते मोटारीच्या पोटात घालायचं. बस स्टँडसमोर एका मुदलियारांचं मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, तेलाच्या डब्यांच्या उतरंडीमागे इंग्रज असताना मी बसलो आणि इंग्रज गेल्यावर बऱ्याच दिवसांनी उठलो.

आमची घरातली मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे तोंडावर उपरणं धरून हसतात. जुनं दप्तर बोलायला लागल्यासारखं त्यांना वाटतं म्हणे. म्हणून हा लेख पुण्याला दिलेल्या भाचीकडून तपासून घेतला आहे. तिनं माझ्या वाक्यांची नखं कापली, केस विंचरले. संवादांना मात्र मी तिला हात लावू दिला नाही. जो माणूस जसा बोलला तसाच तो इथे बोलेल.

आता धंद्याबद्दल. तेलाच्या डब्यांत काय एवढं कळायचं आहे, असं मला घरच्यांनीसुद्धा विचारलं आहे. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरत असतं. त्या दोघांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा राहिला पाहिजे. तो राहिला तर मोटार चालते. तो फाटला तर लोखंड लोखंडाला धरतं आणि मोटार रस्त्यात बसते. माझी सगळी नोकरी या पापुद्र्याची. नवं इंजिन घट्ट असतं, त्याच्या फटी बारीक. त्याला पातळ तेल लागतं, कारण जाड तेल त्या फटींत शिरतच नाही. जुनं इंजिन झिजून सैल झालेलं. त्याला जाड तेल द्यायचं, नाहीतर ते वर चढून जळतं आणि मागून निळा धूर निघतो. काळा धूर निघाला तर पेट्रोल जास्त होतंय, आणि तो दोष माझ्या कोपऱ्यातला नव्हे. समोरून येणाऱ्या मोटारीचा धूर बघून मी डबा काढून ठेवत असे, आणि गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत तो पुसूनही झालेला असे.

शर्यतीचं इंजिन ही तिसरीच जात. ते इतकं तापतं की साधं तेल त्यात पाण्यासारखं पातळ होऊन जातं. त्याला हवं एरंडेल. होय, तेच, लहानपणी नाक दाबून पाजलेलं. विलायतेत शर्यतीच्या मोटारी आणि लढाईतली विमानं एरंडेलावर धावली आहेत. कितीही तापलं तरी ते आपला चिकटपणा सोडत नाही. खोड एकच. जुनं झालं की त्याचा चीक होतो आणि मग तो डिंकासारखा घट्ट बसतो. म्हणून शर्यत झाली की त्याच दिवशी ते काढून टाकायचं असतं. साध्या खनिज तेलात ते मिसळतही नाही. दोघं एका डब्यात घातली तर जावाजावांसारखी वेगळी बसतात.

हे सगळं गिऱ्हाइकाला पटवणं हे खरं काम. पट्टीश्वरमचे एक मिरासदार होते. त्यांची मोटार त्यांच्या लग्नातली, आणि आता त्यांच्या मुलीचं लग्न निघालेलं. त्यांना विलायतेत साहेब घालतो तेच तेल पाहिजे असे, सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत पातळ. मी त्यांना एकदा हात जोडून म्हटलं, तुमच्या नातवाचा सदरा तुमच्या वडिलांना घालाल का? ते आठवडाभर रागावले आणि मग त्यांनी जाड तेलाचा डबा न्यायला गुमान माणूस पाठवला.

दुसरे एक भाड्याच्या मोटारीचे मालक. तिकडे अभ्यंगाचे वार ठरलेले आहेत. पुरुषांनी बुधवारी आणि शनिवारी अंगाला तेल लावून न्हायचं, बायकांनी मंगळवारी आणि शुक्रवारी. मोटारीलाही तेल द्यायचं तर वार पाहूनच, असा यांचा आग्रह. मग मोटार बाई की पुरुष यावर आमच्या दुकानात मोठी सभा भरली. मोटारीच्या एका बाजूला देवीचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या आजोबांचं. शेवटी आमच्या मुदलियारांनी निकाल दिला की जी पोटात माणसं वागवते ती बाई. तेव्हापासून शुक्रवारी माझ्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नसे. मी कशाला हसू? त्या निमित्तानं गावातल्या मोटारींचं तेल वेळेवर बदललं जात होतं.

पण मला सांगायचं आहे ते पांडुअण्णाबद्दल.

पांडुरंगराव आमच्या लांबच्या नात्यातला, माझ्याहून वडील, विठ्ठलाचा भक्त. दर एकादशीला मरुदानल्लूरला भजनाला जायचा. त्याची एक बस होती, तिचं नाव मंगळा. मालक तोच, ड्रायव्हर तोच, सकाळी ती धुणाराही तोच. कुंभकोणम ते पापनाशम ही सकाळची खेप त्याची. तिला सगळे कचेरीची खेप म्हणत, कारण तालुक्याची कचेरी पापनाशमला, आणि खटले लढवणारी आमच्याकडची माणसं दारासुरमपासून पुढच्या प्रत्येक गावात उभी असत. दिवसभराच्या बाकीच्या खेपा रिकाम्या गेल्या तरी चालत. त्या एका खेपेवर त्याचं घर चालत होतं.

मंगळेत तो चपला घालून चढत नसे. स्टिअरिंगच्या चाकापुढे विठ्ठलाची तसबीर आणि तिच्यापुढे निरांजन. तर अशा बसच्या पोटात विलायती डब्यातलं तेल घालायला तो तयार नव्हता. त्या डब्यात जनावरांची चरबी असते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा अगदीच खोटा नव्हता. काही तेलांत चरबी घालत, काहींत नाही, आणि डब्यावर तसं लिहीत नसत. त्यामुळे पांडुअण्णानं शोधून काढलं एरंडेल. झाडाचं, शुद्ध, घाण्यावर डोळ्यांदेखत काढलेलं. वर्षानुवर्षं मंगळेला तेच. शर्यतीचं तेल बैलगाडीच्या चालीनं चालणाऱ्या म्हाताऱ्या बसला, तेही घाण्याच्या तळच्या गाळासकट. मी कितीदा समजावलं. तो म्हणायचा, "रामा, देवाचे पुढें जें जळतें तेंच माझे बसमध्यें पडेल."

मग सोमसुंदरम आला. तरणा गडी, मिशांना पीळ, गळ्यात रुमाल, आणि बुडाखाली कोरी करकरीत बस. त्यानं सकाळची तीच वेळ धरली. दोन्ही बस एकदम सुटायच्या आणि प्रत्येक गावात उतारूंची ओढाताण व्हायची. एका म्हाताऱ्याचं गाठोडं मंगळेत आणि म्हातारा सोमसुंदरमकडे, असंही झालं. तेव्हा मोटारींवरच्या इन्स्पेक्टरानं दोघांना बोलावून बजावलं की आपसात मिटवा, नाहीतर दोघांचीही ती खेप बंद करतो. स्टँडवरच्या जाणत्यांनी तोड काढली. दोघांनी एका सकाळी उतारू न घेता एकदम निघायचं. कचेरीच्या फाटकाशी जो आधी पोचेल त्याची खेप. दुसऱ्यानं ती वेळ कायमची सोडायची. शर्यतीला सरकारची बंदी होती, म्हणून कुणीही तिला शर्यत म्हणत नव्हतं. सगळे म्हणत, वेळ बघायची आहे.

पांडुअण्णा त्या दिवशी दुकानात आला आणि चक्क स्टुलावर बसला. एरवी तो उभ्यानंच बोलायचा. म्हणाला, "रामा, येक पुसतों, खरें सांग. मंगळेनें पुढें जावें म्हणोन कोणतें तेल घालूं?"

मला हसू आलं. कारण त्याला हवं ते तेल त्याच्या बसमध्ये आधीपासूनच होतं, आणि तेच तिच्या मुळावर उठलं होतं. मी जाऊन इंजिन ऐकलं. धाप लागलेल्या माणसासारखा आवाज. तेल मोजायची सळई काढून तेल बोटांत घेतलं तर बोटं सुटेनात. आत चिकाचे थरांवर थर. साधं तेल घालावं तर तो चीक खपल्यांनी सुटून तेलाच्या वाटा बुजणार. एरंडेलच ठेवावं तर इंजिनाला जोर नाही. म्हणून मी आमच्या खादर मेस्त्रीला बोलावलं. त्यानं इंजिन उघडलं. पिस्टनच्या कड्या चिकात अशा रुतल्या होत्या की त्या कड्या आहेत हे सांगावं लागलं. खादर मेस्त्रीनं तमिळमध्ये शांतपणे सांगितलं की हा चीक पेट्रोलला दाद देणार नाही, रॉकेललाही नाही. तो विरघळेल फक्त स्पिरिटमध्ये.

स्पिरिट म्हणजे सुतार लाकडाच्या पॉलिशला वापरतात ते. पण वास दारूचा. पांडुअण्णाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आतां हिला दारू पाजणार तुम्ही?"

"दारू नव्हे, अण्णा. हें माणूस प्याला तर मरेल," मी म्हटलं.

"मग ती कैसी वांचेल?"

खादर मेस्त्री हसायला बसच्या मागे गेला. मग दोन दिवस अण्णाची आणि माझी घासाघीस चालली. सुताराच्या घरी देव्हारासुद्धा याच स्पिरिटनं चकाकतो, असं मी त्याला दाखवून आणलं. औषधात असतं असंही सांगितलं. शेवटी काय पटलं कोण जाणे, तो तयार झाला, पण स्वतः बघणार नाही या अटीवर. इंजिनाचे भाग परातीत स्पिरिटमध्ये पडले तेव्हा तो पाठ करून उभा होता आणि नामस्मरण इतक्या जोरात चाललं होतं की समोरच्या कॉफी क्लबातली माणसं बाहेर आली. चीक सुटला. परातीत मधासारखा तांबडा लगदा साचला. कड्या मोकळ्या झाल्या.

पण मोकळ्या झाल्यावर आतली झीज दिसली. खादर मेस्त्रीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की बेअरिंगं सैल झाली आहेत. जोरात पळवली तर ही एक धाव देईल, दुसरी मागू नका. हे लपवण्यासारखं नव्हतं. मी अण्णाला तसंच सांगितलं. त्यानं मंगळेच्या पत्र्यावर हात ठेवला. "येक धाव पुरे. खेप राहिली तर घर राहील. पुढचें पुढें पाहूं."

मग मी तेल निवडलं. इंजिन म्हातारं, धाव शर्यतीची. म्हाताऱ्याचं जाड तेल एवढ्या उष्णतेत टिकणार नाही, आणि पातळ तेल त्या रुंद फटींतून गळून जाणार. एरंडेलच खरं, फक्त स्वच्छ आणि ताजं. घाण्याच्या चेट्टियारकडून घेऊन मी ते फडक्यातून दोनदा गाळलं, आदल्या संध्याकाळी भरलं, आणि निश्चिंत मनानं घरी गेलो.

शर्यतीच्या, म्हणजे वेळ बघायच्या, सकाळी स्टँडवर पोचलो तर अर्धं कुंभकोणम तिथे. लोकांनी कॉफीचे पितळी पेले हातात धरून जागा पकडल्या होत्या. प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हर आणि एक साक्षीदार एवढंच ठरलं होतं. मंगळेत साक्षीदार मी. निघायच्या आधी सवयीनं सळई काढली. तेल पांढरं. ताकासारखं, फेस आलेलं.

तेलात पाणी गेलं की असं होतं. आणि ते पाणी आपण होऊन तिथे जात नाही. मी अण्णाकडे पाहिलं. तो नुकताच न्हाऊन, गंध लावून प्रसन्न उभा होता.

"अण्णा, आंत काय घातलेत?"

"शुद्धि केली," तो म्हणाला. "दारू गेली होती ना पोटांत? महामहम तळ्याचें पाणी घातलें, गंगाच ती. येकच तांब्या."

"आणिक?"

"तुळसीपत्र तर घातलेंच पाहिजे."

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? ज्या माणसानं विटाळ सहन करून बस आमच्या हाती दिली, त्यानं तिला शुद्ध करून घेतली, एवढंच. असल्या पाणी मिसळलेल्या तेलावर मंगळा दारासुरमच्या पुढे जाणार नव्हती. खादर मेस्त्रीनं खालचा नट काढला. पांढरं तेल गळून गेलं आणि शेवटी तुळशीचं पानही आलं, अगदी हिरवंगार. अण्णानं ते उचलून डोळ्यांना लावलं.

आता दुसरं तेल कुठून आणायचं? घाण्याच्या चेट्टियारकडे माणूस धावला. त्याच्याकडे तिळाचं होतं, एरंडेल सगळं मीच उचललेलं. दुकानातले डबे अण्णाला चालणार नव्हते. सोमसुंदरम भला माणूस. त्यानं थोडं थांबायचं कबूल केलं, पण इन्स्पेक्टर स्टँडवर यायच्या आत दोन्ही बस निघायला हव्या होत्या. आणि तेवढ्यात मला आठवलं, एरंडेल गावात आणखी एका ठिकाणी असतं.

धर्मादाय दवाखान्याचा कंपाउंडर नुकताच दार उघडत होता. मी त्याच्याकडे एरंडेल मागितलं. किती, म्हणाला. म्हटलं, असेल तेवढं. रोगी किती आहेत? एक. त्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि एका रोग्याला एवढं देता येत नाही, असं सांगितलं. मी म्हटलं, याचं पोट मोठं आहे. खरी हकीकत कळली तेव्हा त्यानं स्वतः बाटल्या टोपलीत भरल्या, दाराला पुन्हा कुलूप लावलं आणि माझ्या पुढे पळत निघाला. त्या दिवशी कुंभकोणमात कुणाला जुलाबाचं औषध मिळालं नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ते तेल मी गाळलेल्या तेलापेक्षा सरस निघालं. दवाखान्याचं एरंडेल थंड दाबून काढतात, त्यात गाळ नाही, आंबटपणा नाही. उजेडात धरलं तर काचेसारखं. विलायतेत शर्यतवाले हेच वापरतात, हे मला वाचून माहीत होतं; पण डोक्यात घाणा बसलेला. दोरी बांधून म्हशीला औषध पाजावं तसं आम्ही मंगळेच्या तोंडात नळी लावून बाटलीमागून बाटली ओतली. अण्णा बाटल्या मोजत नव्हता, हुंगत होता. शुद्ध आहे, म्हणाला.

दोन्ही बस निघाल्या. सोमसुंदरमची बस वेगवान, यात वादच नव्हता. पण स्टँडवरून बाहेर पडणारी बोळ अण्णाच्या पायाखालची. तो कुणाच्याही आधी रस्त्याला लागला आणि दारासुरम येईपर्यंत मंगळा पुढे होती. मला विश्वास बसेना. तीच बस, जिला चढावर उतारू उतरून ढकलायचे, ती फुरफुरत निघाली होती. अण्णाचे दोन्ही पाय अनवाणी, तोंडात विठ्ठलाचं नाव, आणि डोळे रस्त्यावर असे की मी बोललो तर ऐकू जाणार नाही.

पुढे रस्ता अरुंद. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा आणि विड्याच्या पानांचे मळे. दोन बस शेजारी मावत नाहीत. सोमसुंदरम भोंगा वाजवत मागे, अगदी शेपटीला चिकटून. रुंदी मिळाली की तो डोकावे, अण्णा तिकडे सरके. याला मी अन्याय म्हणणार नाही. पुढे जाणाऱ्यानं मागच्याला वाट काढून द्यावी असं काही ठरलं नव्हतं. मी मागच्या खिडकीतून पाहिलं तर सोमसुंदरमची बस नीट दिसत नव्हती. आमच्या मागे निळ्या धुराचा ढग. म्हातारं इंजिन, सैल कड्या, तेल वर चढून जळत होतं. त्याचा वास गोडसर, जड, जळलेल्या एरंडेलाचा. तो रस्ताभर सोमसुंदरमच्या तोंडावर जात होता.

सुंदरपेरुमाळ कोईल गावाच्या अलीकडे भोंगा थांबला. पाहतो तर मागची बस कालव्याच्या काठाशी उभी, आणि ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही. मी अण्णाला सांगितलं. त्याला वाटलं टायर गेलं. त्यानं मंगळेला आणखी पळवलं.

कचेरीच्या फाटकाशी आम्ही पहिले पोचलो. विडीवाले, अर्ज लिहिणारे, कुंभकोणमला जायला खोळंबलेली गावची माणसं, सगळे गोळा झाले. कुणी अण्णाच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मी आयुष्यात पुष्कळ तेल विकलं, पण माझं तेल डोळ्यांपुढे जिंकताना त्याच दिवशी पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

बऱ्याच वेळानं सोमसुंदरमची बस सावकाश आली. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेलानं चकाकत होता, मिशांचा पीळ गेलेला, रंग पार उतरलेला. कंपाउंडरनं मला नंतर सांगितलं की एरंडेलाचा धूर इतका वेळ पोटात गेला तर एरंडेल प्यायल्यासारखंच होतं. मध्येच थांबून सोमसुंदरमला कालव्याच्या काठी पळावं लागलं होतं, आणि एकदा जाऊन ते भागलं नव्हतं. त्याची बस उत्तम होती. त्याचा इलाज चालला नाही तो पोटापुढे.

हे कळल्यावर अण्णानं गळ्यातली माळ काढली. म्हणाला, ही जीत खरी नव्हे, पुन्हा वेळ पाहूं. सोमसुंदरम फाटकाच्या दगडावर टेकला आणि पोट धरून हसायला लागला. पोट धरण्याची कारणं दोन होती. तमिळमध्ये म्हणाला, "तुम्ही मला पुढे येऊ दिलं नाही म्हणून मी मागे राहिलो, आणि मागे राहिलो म्हणून धूर खाल्ला. माझं मन साफ आहे, पोट तर त्याहून. खेप तुमची."

अण्णा खूश होऊन मंगळेकडे वळला. कुंभकोणमला जाणारी माणसं चढायला लागली होती. त्यानं हँडल मारलं. इंजिन लागलं आणि खालून आवाज आला, टक, टक, टक, लोहाराच्या ऐरणीवरून येतो तसा. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी इंजिन बंद करायला लावलं, सळई काढली, तेल अंगठ्यावर घेऊन उन्हात धरलं. त्या काचेसारख्या तेलात चमचमणारे कण होते. तो बेअरिंगचा धातू. तो तेलात आला की समजायचं, आत काही उरलं नाही.

अण्णा शेजारी उभा होता. हळू आवाजात त्यानं विचारलं, "रामा, आतां कोणतें तेल?"

तीस वर्षं लोक मला हा प्रश्न विचारत आले. प्रत्येकाला मी काही ना काही डबा काढून दिला. तेव्हा मात्र मी म्हटलं, "अण्णा, हिला आतां तेल नाहीं."

मंगळेत चढलेली माणसं आपणहून उतरली. खेप जिंकलेली, आणि ती चालवायला बस नाही, अशी त्याची गत झाली. घर राहील म्हणून एक धाव मागितली होती, ती तिनं दिली.

पुढे कितीतरी वर्षं कचेरीची खेप पांडुअण्णाच चालवत असे, सोमसुंदरमच्या बसमधून, निम्म्या वाट्यानं. कुंभकोणमात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते सुरू कसं झालं एवढंच सांगायचं राहिलं. सोमसुंदरम दगडावरून उठला, पुन्हा बसला, आणि म्हणाला की आज मला चाकापाशी बसवत नाही. खेप तुमची, बस माझी, माणसं खोळंबली आहेत, तुम्ही चालवा. अण्णा त्या कोऱ्या बसभोवती एकदा फिरला. चपला तर त्याच्या पायांत नव्हत्याच. मग मला म्हणाला, "हिच्या पोटांत डब्यांतलें तेल आहे ना? त्यांत काय आहे?"

तो डबा मीच विकला होता. चरबी नाही म्हणून सांगितलं असतं तर त्यानं लगेच विश्वास ठेवला असता.

"ठाऊक नाहीं, अण्णा. डब्यावर लिहीत नाहींत."

तो खोळंबलेल्या माणसांकडे बघत राहिला. एक म्हातारी गाठोडं डोक्यावरून उतरवून सावलीत बसली होती. त्यानं ते गाठोडं उचललं, सोमसुंदरमच्या बसमध्ये ठेवलं, आणि चाकापाशी जाऊन बसला. मी हँडल मारलं. अण्णा तसाच बसून राहिला, कान देऊन, माझी वाट बघत. त्याला वाटलं इंजिन लागलंच नाही. इतकी वर्षं मंगळेच्या धापा ऐकलेल्या माणसाला नव्या इंजिनाचा आवाज ऐकूच येत नव्हता.

"लागलें काय रे?" त्यानं विचारलं.

"लागलें, अण्णा," मी म्हटलं. "केव्हांचेंच लागलें."

त्यानं खिडकीतून मंगळेकडे एकदा पाहिलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि बस सोडली.